रूपलाविषयी विवाहसमितीचा निर्णय

विवाह ही ईश्वराने नेमून दिलेली पवित्र संस्था आहे आणि तिचे नियम, ज्यांना तिचा त्रास नाही, अशांनीच ठरवावेत. आमच्या वाशीमच्या मिशनने हे तत्त्व काटेकोर पाळले होते. विवाहसमितीचे अध्यक्ष पाद्रीसाहेब (अविवाहित), सभासद दवाखान्याच्या मिससाहेब (अविवाहित) आणि चिटणीस मी, म्हणजे मिशनचा उपदेशक. मी विवाहित होतो. बायको कित्येक वर्षे मेडशीला माहेरीच असल्यामुळे एकपत्नीव्रत मला मुळीच जड जात नसे.

मानोऱ्याकडच्या तांड्यांत मी खूप उपदेश केला. ऐकणाऱ्यांचे प्रमाण उत्तम होते. (बाप्तिस्म्याला तयार झालेल्यांचे नाव रूपला.) एकोणीसशे बावीस साली तो आला, तेव्हा आम्ही सगळे आनंदलो. मग चौकशीत त्याच्या घरी दोन बायका निघाल्या. झमकूबाई लग्नाची. रंगूबाई ही थोरल्या भावाची विधवा. तो भाऊ, प्रेमसिंग, तापाच्या साथीत गेला आणि तांड्याच्या रिवाजाने ती धाकट्या दिराच्या घरात आली. तिला रूपलापासून एक मुलगी होती आणि त्या घराबाहेर तिला कोणी नव्हते.

समितीने ठरवले की झमकूबाई हीच पत्नी. रंगूबाईला रूपलाने यापुढे बहीण समजावे आणि घराबाहेर काढावे. मी नम्रपणे निदर्शनास आणले की, असे केल्यास रूपला स्वतःच्या मुलीचा मामा होतो. पाद्रीसाहेबांनी बराच विचार करून मामाला मंजुरी दिली. (शास्त्रातल्या थोर पुरुषांना दोन-दोन बायका होत्या हे खरे, पण त्यांनी आमच्या समितीची परवानगी मागितली नव्हती.)

निर्णय सांगायला मीच तांड्यावर गेलो. रंगूबाई जात्यावर बसली होती.

"मंग मी जाऊ कुठं?" तिने विचारले.

"ईश्वर वाट दाखवील," मी म्हणालो. ईश्वराच्या वतीने असली आश्वासने देणे हेच माझे काम होते.

झमकूबाई तावातावाने पुढे आली. "हिले काढलं त मीबी चालली! सवत हाये, पन माह्या बाळंतपनात हिनंच मले वाचोलं. तुमचा देव हिले कायले घराभायेर काढून राह्यला?"

रंगूबाईने जाते थांबवले. "मास्तर, तुमची बायको कुठं हाये?"

"माहेरी."

"सोडली?"

"सोडली नाही. आणली नाही."

धर्मशास्त्रात हा फरक फार मोठा आहे, असे मी समजावून सांगितले. दोघींपैकी एकही हसली नाही, हे मला फार लागले.

मी परत येऊन सगळे समितीपुढे ठेवले. तेव्हा मिससाहेबांना तोड सुचली. दोन बायका असणे हा दोष पुरुषाचा. त्या बायकांना मात्र नवरा एकेकच आहे. तेव्हा रंगूबाईला काढल्यास रूपला आत येऊ शकतो. न काढल्यास दोघी बायका आत येऊ शकतात, रूपला नाही. ठराव एकमताने मंजूर झाला.

रूपलाला बाप्तिस्मा किती हवा होता, ते मला माहीत होते. तांड्याच्या नायकाचा रोष पत्करून तो आमच्याकडे आला होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि डोक्याचे पागोटे नीट केले.

"दोघींले आत घ्या," तो म्हणाला. "मी भायेर बसतो."

आता दर रविवारी दोघी मिशनच्या प्रार्थनामंदिरात एका चटईवर बसतात. रूपला बाहेर लिंबाखाली मुलीला मांडीवर घेऊन खिडकीतून प्रार्थना ऐकतो आणि आतल्यांपेक्षा मोठ्याने आमेन म्हणतो. मला त्याचा हेवा वाटतो. लाजही वाटते, पण चिटणीसाला ती दाखवता येत नाही.

आम्ही निर्दोष नवरे आत बाकावर बसतो. वाचकहो, हसून झाले असेल तर तुम्हीही या. तुमच्या घरी पत्नी एकच असणार, तेवढे पुरते. तिच्यासाठी तुम्ही आजवर काय सोडले, असे इथे कोणी विचारत नाही. या, आम्ही थोडे सरकून घेतो.