किसनअप्पांची सातची गाडी

आमचे शेजारी किसनअप्पा गेल्या वर्षीपर्यंत टीव्हीला हात करायचे. रस्त्याच्या कडेला उभं राहून येणाऱ्या बसला करावा तसा, खांद्यापासून सरळ, पंजा उघडा. "उभी कर! ए, उभी कर म्हणायलोय न्हवं!" असं ओरडायचे. टीव्ही अर्थातच थांबायचा नाही. मग अप्पा हात खाली घ्यायचे आणि म्हणायचे, "ह्या ड्रायव्हरला पाशिंजर दिसत न्हाई."

त्यांची आणि माझी भिंत एकच आहे, त्यामुळे हे मला रोज संध्याकाळी ऐकावं लागायचं. दिवसभर पोरांपुढं घसा फोडून आलेल्या मास्तरला घरी आल्यावर काय हवं असतं? एक कप चहा आणि कुणी काही न बोलणं. चहा मिळतो. दुसरं या गल्लीत मिळत नाही.

अप्पा मूळचे मंठाळचे, पण सगळी नोकरी इथं, कर्नाटकातल्या आमच्या हुमनाबादच्या बसस्टँडवर काढली. कंट्रोलर होते. काचेच्या खोलीत बसून कोणती गाडी कुठं लागली हे माइकवरून सांगायचे. आधी कन्नडमध्ये, मग मराठीत, मग स्वतःच्या हिंदीत. त्यांचा आवाज असा होता, की पुण्या-हैदराबादकडं जाणारे लॉरीवाले हायवेवरच्या ढाब्यात बसून आपल्या नसलेल्या गाडीची घोषणा ऐकायचे. आणि त्यांचा एक नियम होता. उभ्या नसलेल्या गाडीचं नाव माइकवर घ्यायचं नाही. एकदा कुणीतरी घाईनं चालत्या गाडीची घोषणा केली आणि माणसं पोराबाळांसह तिच्यामागं धावली, एक म्हातारी पडली. तेव्हापासून अप्पा आधी खोलीबाहेर येऊन बघायचे. चाकं थांबली की आत जायचे आणि मगच बोलायचे. साहेबानं डोळे वटारले तरी नाही. "चालत्या गाडीचं सांगून काय उपयोग? ऐकस्तोवर ती पुढं गेलेली असतीय."

निवृत्त झाल्यावर काही महिन्यांनी त्यांनी स्टँडची सगळी भाषा घरी आणली. सोनाअक्का, म्हणजे त्यांची बायको, रोज संध्याकाळी सात वाजता एक मराठी मालिका लावते. ती 'सातची गाडी'. जाहिराती म्हणजे 'चहापाण्याचा थांबा'. आणि गेल्या वर्षी एके दिवशी अप्पा माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "मास्तर, अक्काची सातची गाडी चुकायलीय. चालती गाडी उभी करता आली पायजे, रिव्हर्स घेता आली पायजे, आन् घरी कोणी नसलं तर डेपोत लावून ठिवता आली पायजे. टीव्हीला जोडायचा असला डबा घेयाचाय. चला."

मी मराठी शिकवतो. पण एकदा गल्लीतल्या कुणाचा तरी मोबाइल मी बंद करून पुन्हा चालू केला आणि तो सुधारला. तेव्हापासून मी इंजिनिअर आहे. लोक मिक्सरसुद्धा घेऊन येतात.

"अप्पा, मालिका मोबाइलवर मिळते की. केव्हाही बघा, कितीही वेळा थांबवा," मी म्हणालो. सुटायचा तेवढाच एक रस्ता दिसत होता.

"ते त्यांच्या डेपोत ऱ्हातंय. आपल्या डेपोत पायजे. आन् मोबाइलच्या काचंवर बोटाला काय लागतंय? काईच न्हाई!"

बोटाला काय लागायला पाहिजे, हे मी विचारलं नाही. अप्पांना प्रश्न विचारला की उत्तर तीन भाषांत येतं.

पहिला डबा हुमनाबादमध्येच बघितला. दुकानदार पोरसवदा होता, उत्साही होता. त्यात इंटरनेट होतं, सिनेमे होते, गाणी होती, आणि रिमोटमध्ये बोलायची सोय होती. "अप्पा, काय पाहिजे ते नुसतं बोला," तो म्हणाला. झालं. अप्पांनी रिमोट तोंडापुढं धरला, घसा साफ केला आणि म्हणाले, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. सात वाजताची गाडी..." डब्यानं हैदराबादच्या बसचं वेळापत्रक काढून दाखवलं. अप्पा एवढे खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी ते वेळापत्रक शेवटपर्यंत वाचलं, त्यातली एक चूक काढली, आणि डबा परत केला. म्हणाले, "हुशार हाय, पण लई बोलतंय."

मग बीदर. रविवार होता, ऊन होतं आणि बसमध्ये अप्पांना ओळखणारा कंडक्टर भेटल्यामुळं मला सगळा रस्ता जुन्या डिझेलच्या भावावर त्यांचं बोलणं ऐकावं लागलं. बाजारातल्या दुकानात शिरलो. दुकानदारानं एक लांबलचक रिमोट पुढं केला.

"चच्चा, इसमें सब है."

"सब नक्को," अप्पा म्हणाले. "गाडी उभी करनेका बटन दिखाव."

दुकानदारानं दाखवलं. इथं अप्पांनी जे केलं त्यामुळं मी पुढं महिनाभर बीदरला गेलो नाही. त्यांनी डोळे घट्ट मिटले, रिमोट दोन्ही हातांत धरला आणि अंगठ्यानं चाचपायला लागले. "मास्तर, हे का? ह्ये? का ह्ये?" माणसं जमली. एकानं मला हळूच विचारलं, "बुढे मियां को क्या हुआ?" मी दुकानातल्या पंख्याकडं बघत राहिलो.

"अप्पा, हे काय करायलाव?"

"अंधारात सापडलं पायजे, मास्तर. लाइट गेल्यावर."

"लाइट गेली तर टीव्हीपण जाईल की!"

अप्पांनी एक डोळा उघडला, थोडा विचार केला. "ते खरं हाय," म्हणाले, आणि डोळा पुन्हा मिटला.

त्या रिमोटवर बटनं फार होती आणि सगळी सारखी गुळगुळीत होती. नापास. दुसऱ्या दुकानातल्या डब्याला दोन रिमोट लागत होते. "एका गाडीला दोन ड्रायव्हर? नक्को." तिसरा डबा सुरू व्हायलाच एवढा वेळ घेत होता की अप्पा म्हणाले, तेवढ्यात मी कलबुर्गीला जाऊन येतो. चौथ्या दुकानात मी आत गेलोच नाही. पायरीवर बसून सोडा प्यायलो आणि मला मेव्हणा असता तर त्याच्याकडं राहायला गेलो असतो, असा विचार केला.

शेवटी डबा मिळाला तो आमच्याच स्टँडमागच्या दुकानात, धूळ खात पडलेला. साधा, काळा. मागं पेनड्राइव्ह खोचायचा, की चालू टीव्ही त्यात साठतो. थांबवला तर थांबतो, मागं घेतला तर मागं येतो. त्याला इंटरनेट माहीत नाही, तो कुणाला पासवर्ड विचारत नाही. रिमोटला मोजकी रबरी बटनं. अप्पांनी डोळे मिटले, चाचपलं, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर अप्पांनी नव्याकोऱ्या रिमोटवर गोंद लावून थांबवायच्या बटनावर चिंचोका चिकटवलेला आणि मागं घ्यायच्या बटनावर तुरीचा दाणा. मी कपाळावर हात मारला. दारात सोनाअक्का तूर निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "मास्तर, चप्पल बदला आता. उजवी टाच घासायलीय."

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. दोघं कुणाच्या तरी लग्नाला जाणार होते, म्हणून अप्पांनी गाडी डेपोत लावली, पण चॅनेल चुकलं. मराठीऐवजी शेजारच्या आकड्यावरची कन्नड मालिका भरली गेली. घरी येऊन अक्कानं ती अख्खी ऐकली. इकडं जन्म गेल्यामुळं कन्नड तिला घरच्यासारखंच येतं. संपल्यावर म्हणाली, "आज समदे कन्नड कामून बोलायलेत? सासरचे लोक कलबुर्गीला गेले का काय?" अप्पांनी मला हे हसत हसत सांगितलं. मीही हसलो. एवढी माणसं बदलली तरी हिला पत्ता नाही, म्हणजे मालिका किती मन लावून बघते बघा, असं मी माझ्या बायकोला सांगितलंसुद्धा.

मग एका संध्याकाळी अप्पांनी भिंतीवर थाप मारली. पेनड्राइव्ह भरला होता. 'डेपोत जागा न्हाई, जुन्या गाड्या काढून द्या' असा निरोप होता. मी चहाचा कप तसाच ठेवून, पाय ओढत गेलो. दार उघडंच होतं. आत अप्पांचा आवाज चालू होता, पण तो ओरडण्याचा नव्हता. तो माइकवरचा होता. तो आवाज मी कैक वर्षांनी ऐकत होतो. उंबऱ्यावर थांबलो.

टीव्हीवरचं चित्र थांबलेलं होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली खाटेवर अक्का बसलेली. अप्पा टीव्हीशेजारी ताठ उभे राहून सांगत होते, "लक्ष द्या. थोरली सून आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी आहे. अंगावर हिरवी साडी आहे. साडीला जरीचा काठ आहे. डाव्या हातात चावी आहे आणि ती चावी तिनं पदराआड धरली आहे. सासूचं लक्ष नाही. कृपया नोंद घ्यावी, सासूचं लक्ष नाही."

"नाकात नथ हाय का?" अक्कानं विचारलं.

अप्पांनी टीव्हीला नाक लावून बघितलं. "न्हाई. चमकी हाय."

अक्का टीव्हीकडं बघत नव्हती. तिचं तोंड अप्पांच्या आवाजाकडं होतं, आणि डोळे त्याहून थोडे बाजूला, कुठंच नाही असे लागले होते.

माझ्या डोक्यात मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. मिटलेले डोळे, चिंचोका, तुरीचा दाणा, माझी टाच. आणि टीव्हीला केलेला तो हात. उभ्या नसलेल्या गाडीचं हा माणूस सांगणार कसा?

मला बघून अप्पा एकदम गप्प झाले. चोरी पकडल्यासारखे. "चहा टाकतो," म्हणाले आणि आत गेले. त्या घरात चहा अप्पाच करतात आणि वाईट करतात, हे मला माहीत होतं. का करतात, हे कळलं नव्हतं.

"साखरंनं नजर नेली, मास्तर," अक्का म्हणाली. दारात मी आहे हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. "उजेड कळतोय, सावली कळतीय. माणूस कळत न्हाई. मीच ह्यांना म्हणले, कुणाला सांगू नका. लोक येतेत, हात धरतेत, च्च च्च करतेत. त्यापरीस तूर निवडलेली बरी."

मी म्हणालो, "अप्पा फार छान सांगतात, अक्का. डोळ्यांपुढं उभं राहतं सगळं."

अक्का हसली. मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली घेतला. "खरं सांगू का? मला न सांगता बी समदं समजतंय. ह्या मालिकेत कुणी गप ऱ्हातंय का? बांगड्या वाजल्या की थोरली, पाय घासले की सासू. साडी हिरवी असली काय आन् लाल असली काय, मला काय करायचंय? पण ह्यांनी स्टँड सोडल्यावर बसल्या जागी बोलणंच सोडलं होतं बघा. दिवस दिवस तोंड उघडायचे न्हाई. दुपारी फाटकात जाऊन उभे ऱ्हायचे, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायचे आन् तसेच आत यायचे. मला लई भ्याव वाटायचं. मग एक दिवशी मी म्हणले, अवं, कोण आलं दारात? मला दिसंना. त्या दिवशी ते बोलले. मग मी रोज विचारायले. पण ती गाडी थांबत न्हवती, ह्यांचं सांगणं अर्ध्यात ऱ्हायचं, आन् परत गप बसायचे. म्हणून डबा घ्या म्हणून मीच लकडा लावला."

बीदरचं ऊन, दुकानातली गर्दी, पंख्याकडं बघत काढलेली ती वेळ, सगळं या बाईच्या सांगण्यावरून झालं होतं. मघापर्यंत मी दमलेला होतो, पण दमल्याची तक्रार करायला आता जागा राहिली नव्हती.

"त्यांना सांगू नका बरं का," अक्का म्हणाली. "त्यांना वाटतंय, त्यांच्याबिगर माझी गाडी चुकंल."

अप्पा चहा घेऊन आले. नेहमीसारखा, पाणचट. मी जुन्या मालिका काढून पेनड्राइव्ह रिकामा करून दिला. अप्पांनी माझ्याकडं एकदा बघितलं, मग अक्काकडं. मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "अप्पा, त्या थोरल्या सुनेचं पुढं काय झालं? मला तर काहीच कळेना."

अप्पांचा चेहरा सैल झाला. "बसा की मग, मास्तर. उभं कामून?"

मी खाटेच्या कडेला बसलो. अक्कानं मांडीवरचा रिमोट उचलला, तुरीचा दाणा दाबून गाडी जरा मागं घेतली, ऐकली. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या, दार करकरलं. तिनं अंगठा सरकवून चिंचोक्यावर ठेवला आणि दाबला. चित्र जागच्या जागी थांबलं.

"थांबली का गाडी?" तिनं विचारलं.

"थांबली," अप्पा म्हणाले.

"मग सांगा की. कोण आलं?"

अप्पा टीव्हीशेजारी जाऊन उभे राहिले. शर्टाची वरची गुंडी लावली. घसा साफ केला.