दोन टिकल्यांची खुर्ची

अग्निशमन खात्याचे साहेब तपासणीला यायच्या आदल्या संध्याकाळी काका नाट्यगृहभर लाल टिकल्या चिकटवत फिरत होते. प्रशिक्षणात त्यांना तसंच शिकवलं होतं. वस्तू हाताने हलवून पाहायची, ठीक असेल तर तिला खूण करायची आणि मगच पुढच्या वस्तूकडे वळायचं. काकांनी जिने हलवून पाहिले, कठडे हलवून पाहिले, आणि जे जे हललं नाही त्याला टिकली लावली.

काका इतकी वर्षं प्रेक्षकांना टॉर्च दाखवून खुर्चीपर्यंत नेत आले होते. नाटकाचं सामान सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत, आणि मावशींचे यजमान म्हणून ते काका. त्यांना स्वतःच्या नावाने कुणी कधी हाक मारलीच नव्हती. महिन्यापूर्वी मॅनेजरांनी त्यांना प्रशिक्षणाला पाठवलं आणि परत आल्यावर सुरक्षाप्रमुख केलं, पण ते तात्पुरतं. साहेबांनी मंजुरी दिली तर पद कायम, नाही दिली तर दुपारचा प्रयोग बंद आणि काका पुन्हा टॉर्चवर, असं मॅनेजरांनी सरळ सांगून ठेवलं होतं. काकांनी टॉर्च कपाटात ठेवला होता, पण त्यातले सेल काढले नव्हते.

पद मिळाल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते असं. मागच्या बोळात वाटेवर पडलेली पत्र्याची पेटी पाहून त्यांनी सगळ्या मंडळींसमोर खड्या आवाजात विचारलं, ही पेटी कुणाची आहे? पेटी मावशींची होती. काकांनीच ती बाजारातून डोक्यावरून आणली होती. मावशींनी पेटी उचलली आणि तेव्हापासून त्या काकांशी बोलल्या नाहीत. घरी ताट वाढलं जाई, ताट उचललं जाई. स्वयंपाकघरातल्या स्टुलाचा एक पाय लुळा झाला होता आणि तो ठोकून द्या म्हणून त्या रोज मागे लागत, ते लागणंही बंद झालं. काकांना तेवढंच चुकल्यासारखं वाटे. स्टूल मात्र त्यांनी ठोकलं नाही.

न बोलण्याचा हा परिणाम झाला की मावशींनी नाट्यगृहात एक नवी पद्धत सुरू केली आहे, हे सगळ्यांना कळलं आणि काकांना कळलं नाही. चालू नाटकाचं सगळं दृश्य एका कचेरीत घडत होतं आणि त्यासाठी रंगाऱ्याने इतक्या हुबेहूब खोट्या वस्तू बनवल्या होत्या की एके दिवशी नायकाने भूक लागली म्हणून मेणाच्या सफरचंदाचा लचका तोडला. त्यानंतर मावशींनी लाल टिकल्यांचं एक पुडकं आणलं आणि प्रत्येक खोट्या वस्तूला एकेक टिकली लावली. टिकली म्हणजे खोटं. उरलेलं पुडकं त्यांनी घरी ड्रॉवरमध्ये ठेवलं.

काकांना खुणेसाठी टिकल्या हव्या होत्या. त्यांनी घरी ड्रॉवर उघडला, तर आत लाल टिकल्या. आपल्या घरात या कुठून आल्या, असा प्रश्न माणसाला पडायला हवा. काकांना वाटलं, आपले दिवसच आता पालटलेत.

दोन्ही पद्धती माहीत असलेला नाट्यगृहात एकच माणूस होता, तो म्हणजे पडदेवाला. काकांनी अग्निशामक भिंतीवरून उतरवून, पुसून, टिकल्या लावून विंगेत ओळीने ठेवले आणि त्याला सांगितलं की सकाळी टिकलीवाले भिंतीला लाव. थोड्या वेळाने मावशी आल्या. टिकलीवाली लाल नळकांडी आपल्या सामानाच्या टेबलापासून लांब पडलेली पाहून, ती नाटकातली खोटीच असं समजून, त्यांनी पडदेवाल्याला सांगितलं की टिकलीवाले सामानाच्या खोलीत घाल. पडदेवाल्याने घातले. सकाळी काकांचा हुकूम पाळायची वेळ आली तेव्हा टिकलीवाले असे रंगमंचावरच्या कचेरीतलेच उरले होते, थर्माकोलचे. ते त्याने भिंतीला लावले. फार हलके आहेत हे त्याच्या लक्षात आलं, पण हलकं लागल्याची तक्रार आजवर कोणत्या कामगाराने केली आहे? त्याने विचारायला हवं होतं, हे खरं. पण नवराबायकोच्या मध्ये पडायचं नाही हा त्याचा स्वतःचा नियम होता आणि तो या दोन्ही नियमांपेक्षा जुना होता.

साहेब सकाळी आले. शांत, बारीक आवाजाचे, डोळ्यांखाली थकवा असलेले गृहस्थ. मॅनेजरांनी चहाचं विचारलं, त्यांनी आधी काम म्हटलं. काकांनी त्यांना पहिल्याच अग्निशामकापाशी नेलं आणि तो काढून दाखवायचा म्हणून, जड वस्तू उचलताना शिकवतात तसे गुडघे वाकवून, दोन्ही हातांनी, पूर्ण जोर लावून वर खेचला. नळकांडं सपकन वर आलं आणि काकांच्या कपाळावर आपटलं. आवाज झाला तो उशी आपटल्यासारखा.

साहेबांनी बोटाच्या पेराने नळकांड्यावर टकटक केलं. मग काकांच्या कपाळाकडे पाहिलं.

"हा कशाचा आहे?"

"तपासलेला आहे, साहेब. ही बघा, टिकली."

"टिकली दिसतेय मला. कशाचा आहे, विचारतोय."

काकांनी नळकांडं खाली-वर करून पाहिलं. काल हाच आपण पुसला, तेव्हा हात भरून आले होते. रात्रीत आपली ताकद वाढली की काय, असाही एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला. मॅनेजरांनी घाईघाईने पुढचा दाखवायला सांगितलं. पुढचाही तसाच निघाला. तेव्हा मॅनेजर म्हणाले की निदान बाहेर पडायचा मागचा दरवाजा तरी दाखवा.

मागचा दरवाजा रंगमंचाच्या पाठीमागे, जिथे उजेड कमी असतो, तिथे होता. दरवाजा खरा, पण इतक्या वर्षांत उघडायची कधी गरज पडली नव्हती. रंगाऱ्याने नाटकासाठी त्याचीच नक्कल करून तिथेच शेजारी भिंतीपुढे उभी केली होती. नकलेला मावशींची टिकली होती, अस्सलाला काकांची. मावशींनी दोन्हीकडे टिकली पाहिली, खोट्या दरवाज्यापुढे काही ठेवायला हरकत नाही असं ठरवलं आणि बोळातून हाकललेली पेटी त्यातल्या एकापुढे सरकवली. काका फलक लावायला आले तेव्हा पेटी तिथे होती आणि अंधारात दोन्ही दरवाजे सारखेच दिसत होते. एवढा तमाशा झाल्यावर खऱ्या दरवाज्यापुढे पेटी ठेवायची हिंमत कुणी करणार नाही, तेव्हा पेटी नाही तो दरवाजा खरा, असा त्यांनी नीट विचार केला आणि त्याच्यावर 'बाहेर' असा हिरवा फलक लावला.

साहेबांनी फलकाखालचा दरवाजा ढकलला. दरवाजा उघडला नाही. तो आख्खाच्या आख्खा, चौकटीसकट, हळूहळू मागे कलला आणि भिंतीला टेकला.

यानंतर साहेब प्रत्येक वस्तूवर टकटक करू लागले. कठड्यावर केली. वाळूच्या बादलीवर केली. खांबावर केली. मॅनेजरांनी पाण्याचा पेला पुढे केला, तर त्यांनी आधी पेल्यावर टकटक केली आणि मगच घोट घेतला. मॅनेजरांनी मावशींना बोलावणं धाडलं. मावशी हात पुसत आल्या, त्यांनी भिंतीवरचं थर्माकोल पाहिलं आणि पडदेवाल्याला विचारलं की माझं सामान भिंतीवर कुणी टांगलं. पडदेवाल्याने काकांकडे पाहिलं. काकांनी भिंतीकडे पाहिलं.

"साहेब, लाल टिकली म्हणजे तपासलेलं, भरवशाचं," काका म्हणाले.

मावशी महिन्याभराने काकांशी बोलल्या, पण साहेबांकडे तोंड करून. "साहेब, यांना सांगा, लाल टिकली म्हणजे खोटं. सगळ्यांना माहितीय."

"मला नाही सांगितलं कुणी."

"साहेब, यांना विचारा, सांगायला तोंड कुणी ठेवलं होतं?"

साहेब दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे बघत म्हणाले, "म्हणजे या इमारतीत टिकली असलेली वस्तू एकतर पूर्ण भरवशाची आहे, नाहीतर अजिबात नाही."

"हो," दोघं एकदमच म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

साहेबांना बसावंसं वाटलं. जवळ कचेरीच्या दृश्यातली एक लाकडी खुर्ची होती, ती त्यांनी ओढली. वळून पाहिलं, तर पाठीवर एक लाल टिकली. सवयीने त्यांनी खुर्ची उचलून खालून पाहिली. बैठकीच्या खाली आणखी एक.

"दोन टिकल्यांचा अर्थ काय?"

कुणालाच माहीत नव्हता. साहेब थकले होते. त्यांनी खुर्ची खाली ठेवली आणि बसायला म्हणून वाकले, तोच मावशी म्हणाल्या, "बसू नका. ती मोडते."

साहेब होते तिथेच थांबले, गुडघे वाकलेले, हात मागे. ती खुर्ची रोज मोडायची. पहिल्या अंकाच्या शेवटी नायक तिच्यावर बसतो, ती मोडते, त्याची कंबर धरते आणि पुढचं सगळं नाटक त्या कमरेवर चालतं. त्यासाठी तिचा पाय अर्धा कापून खुंटीवर बसवला होता.

"बसा, साहेब," काका म्हणाले. "पाय कापलेला मला कालच दिसला. चांगले लांब खिळे मारलेत. वरून लाकडाची पट्टीसुद्धा."

"खिळे?" मावशी म्हणाल्या. आता त्या थेट काकांकडे बघत होत्या. "अहो, माझ्या खुर्चीला खिळे मारलेत तुम्ही?"

"माणूस पडला असता, अगं."

"पडायलाच हवा तो. त्याचे पैसे घेतो तो."

साहेबांच्या मांड्या थरथरायला लागल्या होत्या. त्यांनी एकदा मावशींकडे पाहिलं, एकदा काकांकडे, आणि नाइलाजाने अंग सोडून दिलं. खुर्ची हललीसुद्धा नाही. साहेब बराच वेळ डोळे मिटून बसून राहिले. मग त्यांनी चहा मागवला आणि निकाल सांगितला. प्रयोग सुरू व्हायच्या आत खरं आणि खोटं वेगळं करायचं. ते पुन्हा बघतील आणि तेव्हा एकाही बाबतीत घोटाळा दिसला तर पडदा वर जाणार नाही.

वेळ थोडा होता. काका म्हणाले की तुझ्या टिकल्या काढ. मावशींनी विचारलं, माझ्या का, तुमच्या काढा. काका म्हणाले, माझ्या प्रशिक्षणातल्या आहेत. मावशींनी विचारलं की टिकल्यांचं पुडकंही प्रशिक्षणात दिलं होतं का, की ड्रॉवरमध्ये कात्रीशेजारी सापडलं? काका कठड्यावरची पहिली टिकली नखाने खरवडू लागले.

पण टिकल्या एकाच पुडक्यातल्या. कोणती कुणाची हे बघून कळेना. शेवटी काका टकटक करायचे आणि मावशी कान लावून ऐकायच्या. "खरं," मावशी म्हणायच्या, की काका टिकली काढायचे. "माझं," म्हणायच्या, की तिथेच ठेवायचे. खरे अग्निशामक सामानाच्या खोलीतून निघाले आणि ते भिंतीला लावताना पडदेवाल्याने दोनदा बसून घेतलं. पेटी दरवाज्यापुढून हलली. ती मावशींनी उचलायच्या आधी काकांनी उचलली आणि कुठे ठेवू म्हणून विचारलं, हळू आवाजात. मध्येच मावशींनी मेणाच्या सफरचंदाची गोष्ट सांगितली. काका इतके हसले की पुढच्या वस्तूवर टकटक करायचं विसरून गेले, आणि ती वस्तू बहुधा तशीच राहिली.

साहेबांनी पुन्हा येऊन सगळं पाहिलं. अग्निशामक उचलून बघितला, जड लागला. दरवाजा ढकलला, उघडला, बाहेरचं ऊन आत आलं. ते म्हणाले की आता प्रयोगही बघतो, माणसं बसल्यावर वाटा मोकळ्या राहतात का ते दिसेल. मॅनेजरांनी त्यांना पुढच्या रांगेत बसवलं. बसण्यापूर्वी त्यांनी आसनावर टकटक केली.

पहिल्या अंकाच्या शेवटापर्यंत सारं सुरळीत चाललं. मग नायक त्या खुर्चीपाशी आला, आणि विंगेत उभ्या काका-मावशींना एकाच वेळी आठवलं. खिळे काढायचे राहिले होते.

नायक बसला. खुर्ची मोडली नाही. तो उठला आणि जरा जोराने बसला. मग त्याने संवाद म्हणता म्हणता खुर्चीला प्रदक्षिणा घातली, दम घेतला आणि उडी मारून बसला. प्रेक्षकांत कुणीतरी फिसकन हसलं. नायक चांगला नट होता, पण लिहिलेल्यापलीकडे त्याला काही सुचत नसे. तो उठला, त्याने खुर्ची हाताने बाजूला सरकवून ठेवली, रंगमंचावरची जरा स्वच्छ जागा बघितली, तिथे बेताने आडवा झाला आणि म्हणाला, "मेलो, माझी कंबर."

नाट्यगृहात असा हशा त्या नाटकाला कधी मिळाला नव्हता. साहेब पुढच्या रांगेत रुमालाने डोळे पुसत होते. मध्यंतरात त्यांनी मॅनेजरांना गाठलं आणि सांगितलं, "मंजुरी देतो. पण तुमच्याकडे पहिल्या फेरीत भरवशाची अशी मला एकच वस्तू सापडली, आणि ती मोडायची होती." मॅनेजरांना हे कौतुक आहे की ठपका, ते कळलं नाही. त्यांनी काकांचा हात हातात घेतला आणि पद कायम झाल्याचं सांगितलं. खुर्चीही तशीच राहू द्या म्हणाले. पडदेवाल्याने विंगेतून हाक मारली, "काकू, पेढे कधी?" मावशींनी मागे वळून पाहिलं, आपल्याला म्हणाला हे समजायला त्यांना थोडा वेळ लागला, आणि त्या रागावल्या नाहीत.

घरी पोचले तेव्हा उजेड होता. मावशींनी दोन ताटं वाढली आणि काकांनी नेहमीप्रमाणे लुळ्या पायाचं स्टूल ओढलं. ओढलं आणि थांबले. स्टुलाच्या कडेला एक लाल टिकली होती.

"ही कुणी लावली?"

"मी नाही. तुम्हीच लावली असेल, सराव करताना."

काकांनी आठवून पाहिलं. पुडकं सापडलं त्या संध्याकाळी दोन-चार टिकल्या त्यांनी घरात लावून बघितल्या होत्या खऱ्या. मग काढल्याही होत्या. सगळ्या काढल्या होत्या का? आणि लावली असेल तर पाय ठोकून लावली की नुसतीच? त्यांनी स्टुलावर टकटक केली आणि मावशींकडे पाहिलं. मावशींनी कान लावला.

"काही सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "बसून बघा."

काका स्टुलाकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी ताट उचलून हातात घेतलं आणि ओट्याला टेकून उभ्यानेच जेवायला लागले. मावशींनी आपल्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्यावर टिकली वगैरे काही नव्हती. तरी त्यांनीही ताट उचललं आणि काकांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.