थिनरचे पिंप आणि शिवरामबुवांचे नाक

श्रीगजाननाचे चरणी माथा ठेवून, आणि पिंपाचे झाकण घट्ट लावून, ही हकीकत लिहिली असे.

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन शुद्ध नवमी. एक राज्य होते, पत्र्याच्या छपराचे, आणि तेथे लोखंडी कपाटे रंगविली जात. रंग पातळ करणे थिनरने, पत्र्याचे तेल पुसणे थिनरने, आणि मग हात धुणेही थिनरनेच. डोकी दुखत, चक्कर येई, तरी कोणी कुरकुर करीत नसे. थिनरचा वाफारा जड, भुईसरसा सरपटत जातो आणि ठिणगी गाठतो, म्हणोन शिरस्ता ऐसा की कोठीचे कारभारी शिवरामबुवा गवारे यांणी हवा हुंगावी, "हवा निर्मळ" म्हणावे, आणि मगच कोणी काडी ओढावी. बावीस वर्षे बुवा हुंगीत होते आणि आपल्या नाकाचा त्यांस भारी तोरा होता.

ते दिवशी खंडेनवमी. रंगाचे फवारे पाटावर मांडिले, थिनरच्या पिंपास झेंडूची माळ घातली, आणि झाकणास हळदकुंकू नीट लागावे म्हणोन झाकण काढून तेही पाटावर बसविले. पिंप उघडेच राहिले. मग बुवांनी हवा हुंगिली, "हवा निर्मळ" म्हणाले, आणि निरांजनासाठी काडेपेटी हाती घेतली.

तोच यमुना लोंढे, पंधरा दिवसांमागे कामास लागलेली, पुढे आली. "काका, थांबा! डोळे चुरचुरतायत माझे. तुम्हाला वास येत नाही?"

"पोरी, बावीस वर्षांचं नाक आहे हे!"

"मग डोळे मिटा." तिने पूजेच्या ताटातले काही उचलून त्यांचे नाकाशी धरिले. "काय आहे?"

बुवांनी हुंगिले, पुन्हा हुंगिले. "काय असणार? हात रिकामा आहे तुझा."

डोळे उघडिले तो तिचे तळहातावर कापराची वडी. भोवती चौदा माणसे हात जोडून उभी, आणि काडी बोटांत. त्यांणी काडेपेटी यमुनेस दिली आणि खाली मान घालून झाकण लाविले. मग दारे उघडोन सारे अंगणात गेले आणि आरती तेथे जाहली.

सायंकाळी बुवांनी घरी पुसिले, "काय गं, भाजी कधी करपायची का?"

"कैकदा," कुटुंब म्हणाले. "तुम्ही बोलायचा नाहीत. मला वाटायचं, मायेनं गप्प बसता. शेजारी कौतुक सांगत फिरले मी."

बुवांस फार वाईट वाटले.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. हवा हुंगण्याचे काम यमुनाबाईंकडे आले, कोठी बुवांकडे राहिली, चौदाही असामी सुखरूप. आणि बुवांनी पुढेही भाजीस नावे ठेविली नाहीत, ते मात्र आता मायेने.