दीड फुटाचा बोगदा

काळोखात शिरणाऱ्याला हमी हवी असते ती दाराची. काळोखाची चौकशी तो करीत नाही. हे जाणूनच आरंभीच्या रेल्वेने बोगद्यांच्या तोंडांना बुरूज, कंगोरे आणि कमानी बहाल केल्या. (आतल्या धुराची तक्रार घेऊन उतारू दाराशी परत येत नसे.)

तंजावूरच्या राजवाडा परिसरातले रघोजीराव अशी दारे कागदावर रेखीत. त्यांचे चिरंजीव व्यंकोजीराव ते कागद जपीत. त्यांचे चिरंजीव कल्याणरामराव, कागद जपल्याचे सांगत. त्यांचे चिरंजीव रघुपतीराव, निवृत्त सरकारी आराखडाकार, यांच्या वाट्याला एक दगड आला.

रघोजींच्या शब्दावर तिरुवैयारूच्या राममूर्ती पाथरवटाने कमानीच्या माथ्याचा कळीचा दगड सिंहमुखासह घडवला होता, फुकट. ऐनवेळी कंपनीने साध्या विटा पसंत केल्या. "याला बोगद्याची कमान मिळवून देईन," असे रघोजी म्हणाले आणि वारले. (मध्ये अठ्ठावीस वर्षे गेली.) तेव्हापासून सिंह परसात पालथा पडून धुणे सोशीत होता.

राममूर्तीची नात वरलक्ष्मी, वय एक्याऐंशी, दर पोंगलला चौकशीस येई. यंदा ती बसलीसुद्धा नाही; रघुपतीरावांना धाकट्या भावासारखी हाक मारून उभ्यानेच म्हणाली,

"तंबी, डोळे चालले माझे. माझ्या देखत बसव, नाहीतर दगड परत दे. मग तुमच्या घराण्याचा शब्द कसा असतो, ते मी वेशीवर सांगेन."

"अक्का, या जिल्ह्यात डोंगर नाही."

"डोंगर मी मागितलाय का?"

रघुपतीरावांना हा मुद्दा शास्त्रशुद्ध वाटला. त्यांच्या पत्नी भामाबाईंना मात्र आक्षेप होता. "दगड गेला तर लुगडी कुठे आपटू? तुमच्या पाठीवर?"

रेल्वेकडे अर्ज रीतसर गेला. 'बोगद्याची लांबी' या रकान्यात रघुपतीरावांनी कमानीच्या भिंतीची जाडी लिहिली : दीड फूट. बोगद्यास दोन तोंडे असावीत, असा शेरा आला. भिंतीला दोन बाजू असल्याचे त्यांनी सप्रमाण कळवले. डोंगराविषयी अर्जात रकानाच नव्हता. सतरा महिन्यांनी मंजुरी आली आणि स्टेशनमागच्या बागेत, रुळांचा अडथळा टाळून, बुरुजांसह कमान उभी राहिली. शिरण्यापूर्वी शिटी वाजवणे नियमाने आवश्यक; त्यासाठी पहारेकरी नेमला. पहिल्या महिन्यात चार हजार एकशे बारा लोकांनी बोगदा पार केला. अपघात शून्य. दोघांना आत गुदमरल्यासारखे झाले.

उद्घाटनापूर्वी मात्र परांचीवर चढून, दोन माणसांच्या आधाराने, वरलक्ष्मीने सिंहाचे नाक चाचपले होते.

"आजोबांचाच हात," ती म्हणाली. "पलीकडे काय आहे, तंबी?"

"जे अलीकडे आहे तेच, अक्का."

"मग तुझ्या पणजोबांचं ऋण फिटलं. काही बाकी नाही."

ज्यांना या बांधकामाचे हसू आले असेल, त्यांनी आपल्या दिवाणखान्याचा थाट मागच्या खोलीच्या दिशेने किती खोल जातो, ते एकदा मोजावे. आम्ही दोन-चार घरांत मोजले; दीड फूट कुठेच भरले नाही.