स्थलांतराचा अभ्यास आणि निफाडकडचं स्थळ

फील्डवर्क म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! निदान एमएच्या वर्गात मी तसं सांगून ठेवलं होतं. विषय मानवी भूगोल, प्रकल्प लग्नामुळे होणाऱ्या स्थलांतराचा. कुठल्या गावच्या मुली कुठे नांदायला जातात, एवढंच तर विचारायचं!

रविवारी निफाडजवळच्या एका गावात गेले. पहिल्याच घराच्या ओसरीवर सिंधुबाई तांदूळ पाखडत होत्या. मी सराईतासारखी सुरुवात केली.

"मावशी, घरात कोण कोण?"

"आम्ही दोघं अन् पोरगा, योगेश."

"शेती किती?"

"पाच एकर द्राक्षबाग हाय. का गं?"

"योगेशचं लग्न झालंय?"

सूप थांबलं. "नाय अजून."

"सून नाशिक शहरातली चालेल?"

सिंधुबाई अशा उठल्या, की तांदूळ अंगणभर! "बस पोरी, बस! हालू नको!"

चहा येईपर्यंत निम्मी भावकी ओसरीवर हजर. शेजारच्या छायाकाकू बाजारात वांगी निवडावीत तशा मला न्याहाळू लागल्या.

"हल्ली शहरातल्या पोरी स्वतःच बघाया येत्यात. भाकरी येती का गं?"

लोकांशी मोकळेपणाने बोला, असं सरांनी बजावलेलं. मी म्हटलं, "येते की! जरा जाड होते."

"वडील?"

"ओझरला नोकरीला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. काय प्रतिसाद! मी मनातून नुसती फुलले!

तेवढ्यात आतून योगेश आला. ओले केस, कडक इस्त्रीचा शर्ट आणि हातात पोह्यांचा ट्रे!

"तुमाला दोघांना काय बोलायचं आसंल तर मळ्यात चक्कर मारून या," सिंधुबाई लाजत म्हणाल्या.

उचललेली पोह्यांची बशी मी परत ट्रेमध्ये ठेवली. "अहो मावशी, हा सर्व्हे आहे! कॉलेजचा अभ्यास!"

सिंधुबाई मटकन खाली बसल्या. "आसं व्हय? लय दिसांनी कुणी इचारलं, म्हणून वाटलं गं..."

मी योगेशकडे वळले. "सॉरी हं. तुमचा उगाच गैरसमज झाला."

त्याने सुटकेचा निःश्वास सोडला. "नाय, बरंच झालं! मी आईला आतच म्हणलं होतं, ही नको. लय बोलती!"

लग्न मला करायचंच नव्हतं. शपथ! पण असं तोंडावर? निदान 'घरी विचारून कळवतो' तरी म्हणायचं की नाही!