नववी चाल

निवृत्त बसचालकाला बुद्धिबळ शिकणे भाग पडले, ते त्याच्या व्याह्यामुळे. व्याही निवृत्त मुख्याध्यापक. लेकीच्या घरी दोघे भेटले की व्याही आरामखुर्चीत आणि चालक दाराजवळच्या स्टुलावर, ही बैठक कुणी न ठरवता ठरलेली होती. एकदा व्याही सहज म्हणाला, "बुद्धिबळ येतं का हो तुम्हाला? नाही, जन्म स्टिअरिंगवर गेला, तुम्हाला कुठलं यायला म्हणा." चालकाला ते झोंबले. या माणसाला एकदा, फक्त एकदा पटावर हरवायचे आणि त्या खुर्चीत बसायचे, असे त्याने मनाशी ठरवले.

चौकातल्या दवाखान्याच्या माडीवर नवशिक्यांचा वर्ग होता. तिथले सर म्हणाले, "पहिल्या आठ चाली जमल्या की माणूस खेळाडू झाला."

ठरलेला रस्ता सोडून कधी गाडी न नेलेला चालक महिन्याभरात सकाळी इटालियन आणि दुपारी स्पॅनिश सुरुवात करू लागला. प्यादे मध्ये, घोडे बाहेर, राजा किल्लेकोटात. काळी मोहरी आली तर सिसिलियन बचाव, नाहीतर फ्रेंच.

"आणि नववी चाल, सर?"

"ती पुढच्या वर्गात."

पुढच्या वर्गात नव्या सुरुवाती निघाल्या. त्याच्या पुढच्यातही. राजाला मात कशी देतात, असे विचारल्यावर सर दुखावले. "काका, आपल्याकडे घरंदाज माणसं येतात."

वर्षअखेर स्पर्धा झाली. आठ चाली पुऱ्या झाल्या की दोघेही विजयी, असा नियम होता. चालकासमोर काळी मोहरी घेऊन बसला तो त्याचा व्याही.

"तुम्ही इथे?"

"सहज आलो होतो, बघायला," व्याही म्हणाला आणि गळ्यातले संध्याकाळच्या वर्गाचे ओळखपत्र त्याने शर्टात सारले.

डाव सुरेख चालला. मात्र आठव्या चालीला व्याही एक घर चुकला आणि त्याचा वजीर चालकाच्या उंटाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला, पाठीशी कुणी नसताना. चालकाला आरामखुर्ची स्पष्ट दिसली. त्याने हात उचलला.

"सर, घेऊ?"

सरांनी पुस्तक चाळले. "आठ झाल्या, काका. नववी यात नाही."

"घ्या की," व्याही घाम पुसत म्हणाला, "पण कशाच्या आधारावर?"

चालकाने हात मागे घेतला. दोघांना प्रमाणपत्रे मिळाली.

"बाबा, वजीर फुकटात होता," स्पर्धा बघायला आलेली लेक म्हणाली.

"तू कोर्स केलायस का?" दोन्ही म्हातारे एकदमच म्हणाले.

तो डाव आदर्श म्हणून लेकीच्या बैठकीत तसाच मांडून ठेवला आहे. व्याही खुर्चीत असतो, चालक स्टुलावर. येणारे-जाणारे डाव न्याहाळतात आणि वर्गाची वेळ विचारतात. तुम्हीही कधी गेलात तर पाहा. वजीर अजून तिथेच आहे. तुमचा हात पुढे होईल. पण त्याआधी, खरे सांगा, सर कुठे दिसतात का म्हणून मान वळेलच.