एक टक्का

वस्तू जपावी तर आम्हीच! वडवणीत माझं कापडाचं दुकान आहे. गल्ल्याजवळच्या खुर्चीचं प्लास्टिक मी नऊ वर्षांत काढलेलं नाही, आणि घरी टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे. तेव्हा पुण्याच्या पुतण्याने, वीरेशने, आपला जुना लॅपटॉप माझ्या लेकीला, शिवांजलीला दिला आणि मला बजावलं, "काका, बॅटरी ऐंशीच्या वर चार्ज करू नका, अन् चाळीसवर आल्याबिगर वायर लावू नका." योग्य माणसाला सांगितलं!

बॅटरीचा सगळा कारभार मी हाती घेतला. ऐंशी झाले की वायर काढायची, लॅपटॉप लाल जरीच्या कापडात गुंडाळायचा आणि कपाटात ठेवायचा. शिवांजलीने वापरायला मागितला की मी विचारायचो, "कावून? कशाला पायजे?"

तिच्या कॉम्प्युटर क्लासचं प्रोजेक्ट त्यात होतं. परीक्षेच्या दिवशी बीडचे सर दुपारी दोनला ते तपासायला येणार होते. ते उघडलं नाही तर तिचे सहा महिने वाया जाणार होते. त्या दिवशी सकाळी सातलाच ती वायर घेऊन आली. मी पाहिलं, तर एक्केचाळीस!

"एक टक्का दम धर."

"अप्पा, आठला लाइट जाती."

"नियम म्हंजे नियम."

मी अंघोळ, पूजा आटोपून आलो तेव्हा चाळीस झाले होते. स्वतःच्या हाताने वायर लावली आणि लाइट गेली. आता दुपारी तीनशिवाय येणार नव्हती. तो म्हातारा लॅपटॉप चालू केला की चाळीस टक्क्यांवर दहा मिनिटंही तग धरत नसे. शिवांजली रडू लागली. माझी बायको महानंदा एक शब्द बोलेना, म्हणजे प्रकरण फारच गंभीर होतं.

मग आठवलं. आज शेजारच्या बबनरावांच्या पोराचं, सुरजचं लग्न, आणि मांडवात जनरेटर!

आम्ही दहालाच पोचलो. लाउडस्पीकरच्या टेबलावर प्लगची एकच जागा मोकळी होती. वायर लावली, धूळ बसू नये म्हणून जरीचं कापड झाकलं, आणि माइकवर आहेर पुकारणाऱ्या रामहरीला सांगितलं, "वैजिनाथ अप्पाचा हाय. नीट ध्यान ठेव."

त्याने फारच नीट ध्यान ठेवलं. बाराच्या सुमारास आहेर सुरू झाले आणि आवाज घुमला, "वैजिनाथ अप्पांकडून नवरदेवाला लॅपटॉप!"

टाळ्यांनी मांडव दणाणला. बबनरावांनी मला ओढत नेऊन फेटा बांधला. सुरज पाया पडला. "अप्पा, लई मोठं मन तुमचं." एकदा फेटा डोक्यावर चढला की 'नाही' म्हणणं फार अवघड असतं. मी हसत उभा राहिलो. समोर शिवांजली नुसती माझ्याकडे बघत होती. मी रामहरीचा माइक घेतला.

"मंडळी, आहेर सुटाच्या कापडाचा हाय. लॅपटॉप चार्जिंगला हाय. पोरीची परीक्षा हाय."

सगळ्यांत आधी सुरजच हसला, मग अख्खा मांडव. त्याने कापड बाजूला करून पाहिलं. "अप्पा, ब्याऐंशी झाले. काढू का?"

"शंभर होऊ दे," मी म्हणालो.

दोनला प्रोजेक्ट उघडलं आणि शिवांजली पास झाली! त्या आनंदात मी शेवटच्या पंगतीला बसलो. तिसऱ्यांदा बुंदी मागितली, तेव्हा सकाळपासून गप्प असलेली महानंदा वाढप्याला म्हणाली,

"ऐंशी टक्के झाले त्यांचे. आता चाळीसवर आल्याबिगर काही वाढू नका."